घाटात रेंज नाही, मग धोक्याचा इशारा पोचणार कसा?

घाटवाट

नमस्कार मंडळी,

गेल्या जुलैत आत्याच्या वर्षश्राद्धाला आम्ही भोरमार्गे, वरंध घाटातून महाडला निघालो होतो. गाडीत मी, नवरा, सासूबाई आणि आठ वर्षांची लेक. सकाळी सातला हवामान खात्याचा इशारा बघूनच घर सोडलं, तेव्हा तो पिवळा होता. भोरला चहा घेतला तेव्हाही पिवळाच. पुढे नीरा देवघरच्या पाण्याकडेने रस्ता जातो, तिथे फोनची रेंज गेली ती गेलीच.

वाघजाईच्या देवळापाशी पोचलो तर भज्यांच्या टपऱ्या बंद. चार वळणं खाली उतरलो आणि समोर दरड. लाल माती, त्यात अर्धी गाडलेली धोंड, आणि त्यावरून धो धो पाणी. मागे वळावं म्हटलं तर तोवर वरच्या वळणावर झाड आडवं झालेलं. पुढे नाही, मागे नाही. आमच्यासारख्या आणखी पाच गाड्या आणि एक टेंपो. कुणाच्याच फोनला रेंज नाही.

तासाभराने खालच्या वाडीतला एक माणूस डोक्यावर प्लास्टिकचं खोळं घेऊन, हातात काठी घेऊन चढत आला. म्हणाला, "इथं थांबू नका, वरनं पाणी गढूळ यायला लागलंय. त्या वळणाला कातळ आहे, तिथं गाड्या लावा." आम्ही सगळ्यांनी गाड्या हलवल्या. नंतर आधीच्या जागी ढिगारा आला. मोठा नव्हता, पण गाडी ढकलायला पुरेसा होता.

जेसीबीने वाट मोकळी केली आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास आम्ही बिरवाडीत उतरलो. तिथे रेंज आली आणि तिन्ही फोन एकदम वाजले. अतिवृष्टीचा लाल इशारा, घाटातून प्रवास टाळा. संदेशातली वेळ सकाळी ११:४० ची. तेव्हा आम्ही घाटाच्या तोंडाशी होतो.

इशारा निघाला होता, अचूक होता, वेळेत होता. आमच्यापर्यंत तो संकट टळल्यावर आला. तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात आहे: घरी बसलेल्याला इशारा देणं सोपं आहे, पण जो आधीच रस्त्यावर आहे आणि ज्याच्या फोनला रेंज नाही, त्याला कसा द्यायचा? तुमचे अनुभव, माहिती, उपाय, सगळं लिहा.

सह्यवेडा

बापरे. सगळे सुखरूप आहात हे वाचून बरं वाटलं. पण जुलैत वरंध घाटातून जावंच का? तिथे पावसाळ्यात अवजड वाहनांना बंदी असते, आणि लाल-नारिंगी इशारा असेल तर सगळ्यांनाच घाट बंद करतात.

घाटवाट

सह्यवेडा, तुमचा मुद्दा मान्य. पण निघताना इशारा पिवळा होता आणि घाट छोट्या गाड्यांना चालू होता. मी माहिती न घेता निघाले असते तर हा धागा काढलाच नसता. इशारा आम्ही वाटेत असताना बदलला. माझा प्रश्न त्या दोन-तीन तासांबद्दल आहे.

मनोऱ्याखाली

दूरसंचार क्षेत्रात २२ वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तुम्हाला बिरवाडीत मिळाला तो बहुधा एसएमएस होता. ठरावीक भागातल्या टॉवरांवर शेवटचे दिसलेले जे नंबर, त्यांना एकेक करून तो पाठवतात. फोन सापडला नाही तर तो थांबून राहतो आणि रेंज आली की पोचतो. एसएमएस म्हणजे पोस्टमन. घर बंद असेल तर पत्र उद्या आणणार. शिवाय लाखो लोकांना पाठवायचा तर वेळ लागतो.

दुसरी पद्धत सेल ब्रॉडकास्ट. हा देवळावरचा भोंगा. टॉवरला तुमचा नंबर माहीत असायची गरजच नाही. टॉवर बोलतो आणि त्याच्या टप्प्यात जे फोन आहेत ते सगळे ऐकतात, मग सिम नागपूरचं असो की केरळचं. नेटवर्कवर कितीही गर्दी असली तरी तो अडकत नाही. आपल्याकडे सी-डॉट या केंद्र सरकारच्या दूरसंचार संशोधन संस्थेने ही यंत्रणा बनवली आणि २०२३ च्या जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरमध्ये देशभर चाचण्या झाल्या. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं 'सचेत' नावाचं पोर्टल आणि ॲप आहे, त्यामागेही सी-डॉटच आहे.

तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेली गोष्ट आता सांगतो. हा भोंगा एकदा वाजून गप्प बसत नाही. इशाऱ्याची मुदत असेपर्यंत टॉवर तो ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा सोडत राहू शकतो. म्हणजे बारा वाजता सुरू झालेला इशारा, दोन वाजता त्या टॉवरच्या टप्प्यात नव्याने शिरलेल्या गाडीलाही मिळतो. त्यामुळे घाटाच्या पोटात टॉवर नसला तरी चालेल, पण घाट सुरू होण्याआधीच्या शेवटच्या गावातला टॉवर शाबूत हवा आणि इशारा त्या टॉवरवर मुदतभर चालू ठेवायला हवा.

दोन गोष्टी आजच करा. फोनच्या सेटिंगमध्ये वायरलेस इमर्जन्सी अलर्ट चालू आहेत का ते बघा, चाचणीच्या वेळी आवाजाला कंटाळून अनेकांनी बंद केलेत. आणि बॅटरी वाचवायला घाटात फोन एअरप्लेन मोडवर टाकू नका, मग तो काहीच ऐकत नाही.

खडूफळा

त्या चाचणीची आठवण! जुलै २०२३, माझा नववीचा भूगोलाचा तास चालू. कपाटात मुलांकडून जप्त केलेले सहा फोन होते आणि टेबलावर माझा. सातही एकदम कोकलले. वर्गातला सगळ्यात दंगेखोर मुलगा सगळ्यात आधी बाकाखाली शिरला, कारण आदल्याच आठवड्यात मी भूकंपाचा धडा घेतला होता. मला इतका आनंद झाला! मग उरलेला तास आम्ही त्याच विषयावर बोलत बसलो.

लालपरीचा_लेक

वडील ३१ वर्षं एसटीत ड्रायव्हर होते, त्यातली बरीचशी कोकणच्या फेऱ्यांवर. मोबाइल नव्हते तेव्हा इशारा कसा मिळायचा ते त्यांना विचारून लिहितोय.

समोरून येणारी एसटी. घाट उतरून आलेला ड्रायव्हर काच खाली करून गाडी जरा दाबून उभी करायचा आणि एका वाक्यात सगळं सांगायचा. "तिसऱ्या वळणाला माती आलीय, एका अंगाने काढ." नुसता हात खालीवर हलवला तर सावकाश जा. हात आडवा फिरवला तर पुढे जाऊच नको. हेडलाइट दोनदा मारले तर पुढे काहीतरी अडथळा आहे. डेपोत आल्यावर कंट्रोलरच्या खिडकीशी पुढच्या फेरीचा ड्रायव्हर उभाच असायचा.

वडिलांचं एक वाक्य मला कायम आठवतं: "बराच वेळ समोरून एकही गाडी आली नाही, तर तो पण निरोपच असतो."

घाटवाट

लालपरीचा_लेक, हे वाचून अंगावर काटा आला. भज्यांच्या टपऱ्या बंद होत्या आणि वाघजाईपासून समोरून एकही गाडी आली नव्हती. नवरा म्हणालाही होता, "आज रस्ता किती मोकळा आहे." बाबांना माझा नमस्कार सांगा.

बिरवाडीकर

मी महाड तालुक्यातला. समोरून गाडी न येणं यावरून २ ऑगस्ट २०१६ ची रात्र आठवली.

सावित्रीवरचा जुना, ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल त्या रात्री पुरात गेला. शेजारी नवा पूल उभा होता, पण मुंबईकडे जाणारी वाहनं जुन्यावरून जायची. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसट्या आणि आणखी वाहनं अंधारात सरळ नदीत गेली. पूल नाही हे कळायचा काही मार्गच नव्हता. मिट्ट काळोख, पाऊस, आणि हेडलाइटच्या उजेडात दिसणार किती? पुलाजवळच्या गॅरेजमधल्या माणसाच्या लक्षात आलं की गाड्यांचे दिवे पुढे जातात आणि दिसेनासे होतात. त्याने आणि इतरांनी धावत जाऊन मागची वाहनं अडवली. किती जीव त्यामुळे वाचले ते मोजता येणार नाही.

नवा पूल १६५ दिवसांत बांधून जून २०१७ मध्ये खुला केला. त्या वेगाचं कौतुक झालं आणि ते रास्तच होतं. पण पूल पडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत मागच्या गाडीला थांबवणार कोण, हा प्रश्न आम्हा इथल्यांच्या मनातून अजून जात नाही. तिथे मोबाइलचा इशारा उपयोगी पडला नसता. इशारा द्यायला आधी कुणाला तरी कळायला हवं ना? राष्ट्रीय महामार्ग होता तो, आडरस्ता नव्हे.

रूळावरचा

बिरवाडीकर, त्याच सावित्रीबद्दल लिहितो. मी कोकण रेल्वेच्या कामाशी अनेक वर्षं जोडलेला होतो.

रस्त्यावर जी अडचण आहे तीच रेल्वेलाही होती, आणि आम्हीही ती किंमत देऊन शिकलो. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ दरडीवर गाडी आदळली. पुढच्याच वर्षी १६ जून २००४ ला करंजाडीजवळ आंबोळे पुलापाशी मत्स्यगंधा एक्स्प्रेस घसरली. आज तुम्ही रुळाच्या कडेने चालत गेलात तर सरासरी दर किलोमीटरला आपत्कालीन संपर्काचं सॉकेट आहे. गार्ड, ड्रायव्हर किंवा गस्तीवाला त्यात फोन जोडतो आणि स्टेशनशी बोलतो. मोबाइलच्या रेंजचा संबंधच नाही. काळ, सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांच्या पुलांवर पुराची सूचना देणारी यंत्रणा बसवलेली आहे. माणगाव, चिपळूण, रत्नागिरी, विलवडे, कणकवली अशा स्टेशनांवर आपोआप नोंद करणारी पर्जन्यमापकं आहेत. पाऊस ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की गाड्यांचा वेग उतरवतात. मुसळधार पावसात समोरचं दिसत नसेल तर ताशी ४० किलोमीटर. आणि पावसाळाभर शेकडो माणसं रात्रंदिवस पायी गस्त घालतात.

नदी एक, पाऊस एक, डोंगर एक. रुळावरून जाणाऱ्याला पाणी वाढल्याचं कळतं आणि त्याला समांतर रस्त्यावरून जाणाऱ्याला कळत नाही. हे मला फार खुपतं.

हिशोबी

रूळावरचा, आदर ठेवूनच असहमत. रेल्वेत गाडी कुठे आहे ते माहीत असतं, ड्रायव्हर प्रशिक्षित असतो, सिग्नल लाल केला की गाडी थांबते. रस्त्यावर कोण कुठून शिरला हे कुणालाच माहीत नसतं. दर किलोमीटरला फोन लावले तरी इशारा येणार कसा? तो फोन प्रवाशाने करायचा असतो, प्रवाशाला कुणी करू शकत नाही.

माझ्या मते संदेशांच्या मागे लागण्यापेक्षा घाटाच्या दोन्ही तोंडांना लोखंडी फाटक आणि माणूस ठेवा. पाऊस मर्यादेबाहेर गेला की फाटक बंद. वाचायचं नाही, ऐकायचं नाही, भाषेचा प्रश्न नाही.

देवघरचा

फाटक, फाटक सगळे म्हणतात. मी घाटाच्या अलीकडे हिर्डोशी खोऱ्यात राहतो. आमची बाजू पण ऐका.

घाट बंद म्हणजे तुमची सहल रद्द. आमचा तोच रोजचा रस्ता आहे. नातीगोती दोन्हीकडे, पोरीबाळी खाली कोकणात दिलेल्या. पलीकडे कुणी गेलं तर मातीला कसं जायचं? ताम्हिणीने फिरून? बंदचा हुकूम निघतो तो संपूर्ण रस्त्याचा. खरं तर धोका ठराविक आठ-दहा जागी असतो आणि त्या जागा गावातलं शेंबडं पोरसुद्धा दाखवील.

दुसरं म्हणजे 'रस्ता बंद' चा बोर्ड लागतो तो पाऊस उघडला तरी तिथंच. गणपतीत पण तोच, दिवाळीत पण तोच. मग लोक बोर्डाकडे बघत पण नाहीत. बोर्डाच्या बाजूने गाडी काढतात आणि तो खरा असतो त्या दिवशी फसतात.

आणि घाटवाटताई, तुम्हाला ज्याने कातळाकडे न्यायला सांगितलं ना, त्याला कुणी पाठवलं नव्हतं. अशी माणसं दोन्ही अंगाला आहेत. पाणी गढूळ झालं, झाडं वाकडी दिसायला लागली, आटलेला झरा भलतीकडून फुटला की आम्ही समजतो. पण आम्ही कुणाला सांगायचं? फोनला रेंज नाही आणि नंबर लागला तर विचारतात, "आपण कोण?"

हवाबघा

देवघरचा यांनी मर्मावर बोट ठेवलं. ठराविक आठ-दहा जागा! आपला इशारा मात्र जिल्ह्याचा असतो. रायगड जिल्हा उरणपासून पोलादपूरपर्यंत. अलिबागला ऊन पडलेलं असताना महाडच्या डोंगरात कोसळत असतं. पुणे, सातारा, कोल्हापूरसाठी हवामान खातं घाट भागाचा इशारा वेगळा देतं ही मोठी सुधारणा आहे, पण घाट उतरून कोकणात आलात की पुन्हा अख्खा जिल्हा एका रंगात.

आकडा डोळ्यांसमोर ठेवा. २४ तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे 'अत्यंत मुसळधार', हवामान खात्याच्या वर्गवारीतला सगळ्यात वरचा. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत एका दिवसात ५५६ मिलिमीटर पडला. म्हणजे रंग तोच लाल, पण पाऊस अडीचपटीहून जास्त. रंगावरून प्रवाशाला हे कसं उमगावं?

निघताना जिल्ह्याचा रंग बघा, ठीक आहे. पण वाटेत शेवटच्या गावात थांबून 'पुढील तीन तासांचा' तात्कालिक अंदाज बघा. तो रडार बघून देतात, त्यामुळे सकाळच्या अंदाजापेक्षा जवळचा असतो.

कांगारूंच्या_देशातून

ऑस्ट्रेलियात राहते. इथे शेकडो किलोमीटर टॉवर नसलेले महामार्ग आहेत, त्यामुळे हा धागा वाचताना थांबवेना.

इथे रस्ता जिथे ओढा ओलांडतो तिथे कडेला पट्टीसारखा खांब असतो, त्यावर मीटरचे आकडे. पाणी ०.४ वर दिसलं तर रस्त्यावर ४० सेंटीमीटर पाणी आहे. वीज नको, रेंज नको, माणूस नको. पाणी स्वतःच इशारा देतं. दुसरं म्हणजे शेवटच्या गावातून बाहेर पडतानाच मोठा फलक असतो. त्यावर पुढच्या गावांची नावं आणि प्रत्येकापुढे फिरवता येणारी पाटी: रस्ता खुला किंवा बंद. शंभर किलोमीटर गेल्यावर 'बंद' वाचून काय उपयोग, म्हणून तो परतायची शेवटची संधी असते तिथेच लावतात.

आणि ट्रकवाले! गाडीत यूएचएफ सीबी रेडिओ असतो. ४० नंबरच्या चॅनेलवर समोरून येणारा ट्रकवाला सांगतो, पुढे झाड पडलंय, पुढे गुरं आहेत. लालपरीचा_लेक यांच्या वडिलांनी हात हलवून जे सांगितलं तेच हे. वाचताना मला गलबलून आलं.

लांबचा_प्रवासी

उपग्रहाचा विषय निघण्याआधीच सांगतो. परदेशातून आणलेला सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं ट्रेकिंगचं यंत्र भारतात परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे. विमानतळांवर परदेशी पर्यटकांना यासाठी अटक झालेली आहे. घाटासाठी म्हणून कुणी नातेवाईकाकडून मागवू नका.

चूलमूल

अवांतराबद्दल माफी, पण वाघजाईच्या भज्यांचा उल्लेख आला आणि राहवलं नाही. कांदाभजी, वरून लसणाची चटणी, धुक्यात हरवलेली दरी... ती टपरीवाली माणसं पाऊस कधी वाढणार ते ढगाच्या रंगावरून सांगतात, हे मी स्वतः अनुभवलंय.

मनोऱ्याखाली

चूलमूल, हे अवांतर नाहीच. टपरी बंद करून घरी जाताना त्यांना एक 'घाट बंद' ची पाटी उलटी करायला सांगितली तर?

काही राहिलेलं लिहितो. फोनवर तुमच्या कंपनीची रेंज नसेल आणि दुसऱ्या कुठल्याही कंपनीचा टॉवर टप्प्यात असेल, तर ११२ लागतो. स्क्रीनवर 'फक्त आपत्कालीन कॉल' दिसतं त्याचा अर्थ तोच. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७. आपत्तीत एका कंपनीच्या टॉवरवरून सगळ्याच कंपन्यांच्या ग्राहकांना बोलता यावं अशी सोयही दूरसंचार विभाग देऊ शकतो, त्याला इंट्रा सर्कल रोमिंग म्हणतात. पण टॉवरच बंद पडला तर सगळं संपलं. २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दापोली पट्ट्यात आणि जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात तेच झालं. टॉवर उभा होता, वीज नव्हती. घाटाच्या तोंडाशी असलेल्या टॉवरांना जास्तीची बॅटरी आणि डिझेल आधी, असा क्रम लावला पाहिजे.

मध्यमलहरी

रेडिओ विसरलात सगळे! एफएमच्या लहरी डोंगराआड दबतात, पण मध्यम लहरी डोंगराला वळसा घालून दरीत उतरतात. निसर्ग वादळाच्या वेळी वीज नव्हती, फोन नव्हते, आमच्या घरी सेलवरचा जुना ट्रान्झिस्टर रत्नागिरी केंद्र पकडत होता. अख्खी आळी ओटीवर येऊन बसायची. गाडीत तसा एक ठेवा, जागा किती लागते?

घोंगडी

सगळं वाचलं. मला आजोबांबद्दल लिहायचंय. ते बांधकाम खात्यात मैलकुली होते. नव्या पिढीला शब्दही माहीत नसेल. रस्त्याच्या ठराविक मैलांची जबाबदारी एका टोळीची. गटारं मोकळी करणं, खड्डे भरणं, कडेचं गवत कापणं.

पावसाळ्यात आजोबा रात्री जेवण झालं की इरलं आणि कंदील घेऊन निघायचे. आजी चिडायची, पण भाकरी बांधून द्यायची. त्यांच्या हद्दीत एक जागा होती, तिला ते 'रडकी' म्हणायचे, कारण तिथून सतत पाणी झिरपायचं. पाणी थांबलं की त्यांना भीती वाटायची. आत कुठेतरी तुंबलंय, आता माती घेऊन येणार. मग ते दोन्ही बाजूंना रस्त्यावर दगड मांडायचे, वर लाल फडकं आणि कंदील ठेवायचे, आणि उजाडेपर्यंत तिथेच बसायचे. समोर आलेल्या गाडीला थांबवून सांगायचे. एकदा एका मोटारवाल्याने शिव्या दिल्या, तरी ते हलले नाहीत. पहाटे 'रडकी' आली. तो मोटारवाला आजोबांच्या पाया पडला, हे आजी शेवटपर्यंत सांगायची.

आता ती पदं भरत नाहीत, कामं ठेक्यावर जातात. ठेकेदाराचा माणूस दरड पडल्यावर येतो. आजोबा पडायच्या आधी तिथे असायचे.

रूळावरचा

घोंगडी, तुमच्या आजोबांना शिरसाष्टांग. आमच्या गस्तीवाल्यांचं काम हेच.

हिशोबी

माझं मत बदललं नाही असं म्हणू शकत नाही. फाटक हवंच, पण फाटक बंद कधी करायचं हे सांगणारा असा माणूस हवा. आणि पाऊस ओसरल्यावर ते उघडणाराही. देवघरचा, तुमची तक्रार योग्य आहे.

तिरप्या_पाट्या

भाषेचा मुद्दा राहतोय. मुंबई-गोवा रस्त्यावर केरळ, कर्नाटक, गुजरातचे ट्रक असतात. इशारा मराठीत हवाच, पण ड्रायव्हर वाचायला गाडी चालवताना फोन हातात घेणार का? कर्कश आवाज झाला की तो दचकणार, वळणावर. शेवटच्या फाट्यावर गाडी थांबलेली असताना, मोठ्या चित्राची पाटी आणि तोंडी सांगणारा माणूस, याला तोड नाही. आणि सांगायचं ते एका वाक्यात. "अमुक ठिकाणी दरड, परत फिरा, महामार्गाने जा." 'प्रवास टाळा' हे आधीच प्रवासात असलेल्या माणसाला सांगून तो काय करणार?

घाटवाट

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस हा धागा सोडून दुसरं काही सुचत नाहीये.

मी प्रश्न विचारला तेव्हा डोक्यात होतं की घाटाच्या पोटात संदेश कसा पोचेल. आता वाटतं, प्रश्नच चुकीच्या जागी होता. घाटात शिरल्यावर मिळालेला इशारा मला फार तर घाबरवू शकला असता, मागे वळायला जागाच नव्हती. इशारा हवा होता तो शेवटच्या फाट्यावर, जिथून परत फिरता येतं. तिथल्या टॉवरवर मुदतभर वाजत राहणारा भोंगा, तिथे फिरवता येणारी पाटी, आणि तिथे वरचं पाणी ओळखणारा माणूस. तिन्ही एकाच जागी. आणि त्या माणसाने फोन केला की "आपण कोण?" असं विचारलं जाऊ नये. त्याचं नाव नियंत्रण कक्षाच्या वहीत आधीच लिहिलेलं हवं आणि त्याला त्याचे पैसे मिळायला हवेत. घोंगडी यांच्या आजोबांना मिळायचे तसे.

मी दोन्ही बाजूंच्या ग्रामपंचायतींना आणि दोन्ही जिल्ह्यांच्या आपत्ती कक्षांना पत्र लिहितेय. मसुदा उद्या इथे टाकते. मनोऱ्याखाली, टॉवरबद्दलचा परिच्छेद तुम्ही तपासा. देवघरचा, त्या आठ-दहा जागांची नावं गावात जी म्हणतात तीच मला द्याल का? नकाशावर ती सापडत नाहीत.

बिरवाडीकर

खालच्या अंगाच्या जागा मी देतो. माझेरीच्या वर तीन आहेत. सरपंचांशीही बोलतो.

घोंगडी

पत्रात माझी सही धरा.

देवघरचा

देतो ना ताई. काही नावं आमच्या म्हाताऱ्यालाच माहीत आहेत, त्याला रात्री विचारून लिहितो. एक आत्ताच सांगतो, धरण संपलं की डाव्या हाताला पिंपरणीचं झाड आहे, तिथून पुढे तीन वळणं पावसात कधी थांबायचं नाही.

आणि पुढच्या खेपेला महाडला जाताना घाट चढायच्या आधी आमच्याकडे थांबा. कोरा चहा घ्या. सकाळी पोरगं दूध घालायला वरच्या वाडीपर्यंत जाऊन येतं. वर काय आहे ते तो सांगेल, मगच निघा.